ब्लीनचं जंगल : कुऱ्हाडीच्या वेळापत्रकावर चार दिवस

इंग्लंडच्या केंट परगण्यात, कँटरबरी शहर आणि उत्तरेचा समुद्रकिनारा यांच्या मधे ब्लीन नावाचं जंगल आहे. वेगवेगळ्या मालकांचे तुकडे एकत्र धरले तर क्षेत्र तीन हजार हेक्टरांच्या आसपास भरतं. लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर एवढं जुनं जंगल शिल्लक राहिलं, त्याचं कारण पायाखालीच आहे. इथली जमीन ‘लंडन क्ले’ नावाच्या जड चिकणमातीची. ओली असली की बूट ओढून घेते, वाळली की विटेसारखी कडक होते. अशा जमिनीत नांगर घालण्यात कुणाला रस नव्हता. लाकूड मात्र लोक शेकडो वर्षं काढत आले, आणि या सहलीत बघायचं आहे ते त्या तोडीनेच घडवलेलं आहे.

इथली तोड म्हणजे ‘कॉपिस’. गोड चेस्टनट, हेझल, हॉर्नबीम अशी झाडं हिवाळ्यात जमिनीलगत कापायची आणि खुंट तसाच ठेवायचा. वसंतात त्याच खुंटातून दहा-पंधरा फुटवे येतात. बारा ते वीस वर्षांनी तेही कापायचे. उसाचा खोडवा ठाऊक असलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. फक्त हा खोडवा शतकानुशतकं चालतो. दरवर्षी जंगलाचा एकच तुकडा कापतात. त्या तुकड्याला इंग्रजीत ‘कूप’ म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या वनखात्यातही तोच शब्द आजतागायत चालतो. प्रत्येक कूप वेगळ्या वयाचा, आणि प्रत्येक वयाचे रहिवासी वेगळे. चार दिवसांत आपण फिरणार ते या वयांमधून.

जायचं जूनच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात. हीथ फ्रिटिलरी हे दुर्मीळ फुलपाखरू तेव्हा भरात असतं आणि रातवा (नाइटजार) हा निशाचर पक्षी रोज संध्याकाळी बोलत असतो. नाइटिंगेलचं गाणं तोवर जवळजवळ संपलेलं असतं. ते हवं असेल तर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य गाठावा लागतो, पण तेव्हा फुलपाखरू नसतं. दोन्ही एका फेरीत साधायला मेचा शेवट निवडणारे पुष्कळ असतात. थंड वसंत असला की त्यांच्या पदरात अर्धंच पडतं.

सामान थोडंच लागतं. घोट्याच्या वर येणारे जलरोधक बूट, फिक्या रंगाची लांब पँट, आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण (फुलपाखरांसाठी दोन मीटरवर फोकस होणारी असेल तर उत्तम), लाल प्रकाशाची विजेरी आणि बारीक टोकाचा चिमटा. चिमटा गोचिडांसाठी. इथल्या गोचिडांतून लाइम रोगाचे जिवाणू शरीरात जाऊ शकतात. पँट मोज्यात खोचायची आणि रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा तपासायची. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, तेल लावायचं नाही, काडीने चटके द्यायचे नाहीत. तसं केलं तर ती पोटातलं द्रव जखमेत ओकण्याची शक्यता वाढते. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याच्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरकडे जायचं. फिकी पँट यासाठीच, तिच्यावर गोचीड चढताना दिसते.

पहिला दिवस : रफ कॉमन आणि रातवा

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरून कँटरबरी वेस्टला वेगवान गाडी आहे. दुपारी पोहोचून सामान टाकायचं आणि चारच्या सुमारास रफ कॉमन गाठायचं. शहराच्या कडेची ही वस्ती. तिथून एक कच्चा रस्ता ब्लीन वूड्स या राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राच्या वाहनतळाला जातो. व्यवस्था आरएसपीबी या पक्षी-संवर्धन संस्थेकडे आहे. दुकान, उपाहारगृह असलं काही नाही, पाणी आपलं आपण न्यायचं. रंगांच्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. सगळ्यात छोटी हिरवी, साधारण दीड किलोमीटरची. सगळ्यात लांब काळी, तेरा किलोमीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी हिरवी पुरते. गाडी घेऊन गेलात तर फाटकावरची वेळ आधी वाचा, कारण आजचं खरं काम अंधार पडल्यावर आहे.

हिरव्या वाटेवर डोळा बसवायचा तो कूपांच्या वयावर. एका बाजूला गेल्या हिवाळ्यात कापलेला तुकडा दिसतो: उघडी माती, पांढुरके खुंट, मधे राखलेले दोन-चार ओक. त्याच्या पलीकडे डोक्याच्या वर गेलेली, आत शिरता येणार नाही अशी दाटी. आणखी पुढे पंधरा वर्षांचं चेस्टनट: सरळसोट खांब, वर बंद छत, खाली फक्त पानांचा थर. या शेवटच्या टप्प्यात नवख्या माणसाला ‘खरं जंगल’ वाटतं. जमिनीवरच्या जिवांच्या दृष्टीने तो सगळ्यात रिकामा.

मधल्या दाटीपाशी थोडं थांबा. ही नाइटिंगेलची जागा. तोडीनंतर साधारण पाचव्या ते दहाव्या वर्षी फांद्या जमिनीपर्यंत दाट असतात, आणि खाली मात्र चालायला मोकळी माती. हा पक्षी जमिनीवर किडे टिपतो आणि जमिनीलगत घरटं करतो. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढून तो एप्रिलच्या मध्यावर येतो. रात्री गातात ते बहुतेक जोडीदार न मिळालेले नर, कारण माद्या रात्रीच्या प्रवासात वरून जात असतात. ब्रिटनमधली नाइटिंगेलची संख्या गेल्या पन्नासेक वर्षांत सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली आणि २०१५ साली त्याचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. कॉपिसची तोड थांबली हे एक कारण. इंग्लंडभर वाढलेल्या हरणांनी खालची झुडपं खाऊन साफ केली हे दुसरं. फारसी-उर्दू कवितेतला ‘बुलबुल’ तो हाच. आपल्याकडचा बुलबुल निराळा. आणि सरोजिनी नायडूंना इंग्रजीत मिळालेली नाइटिंगेलची उपाधी मराठीत येताना ‘भारतकोकिळा’ झाली, कारण तो पक्षी इथल्या कुणाच्या कानावर पडलेला नव्हता.

जूनच्या मध्याला सूर्य नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. साडेनऊपर्यंत एखाद्या ताज्या, मोठ्या मोकळ्या कूपाच्या कडेला वाटेवर उभं राहायचं. वारा पडलेला हवा आणि हवेत ऊब हवी. थंड, वाऱ्याच्या रात्री पतंग उडत नाहीत, आणि पतंगांवर जगणारा रातवा मग फारसा बोलतही नाही. आवाज यंत्रासारखा, मिनिटन् मिनिट न तुटणारी घरघर. मधेच स्वर बदलतो, कारण पक्षी डोकं वळवतो. त्यामुळे दिशेचा अंदाज हमखास चुकतो. दोन जागांवरून ऐकून मगच ठरवायचं. घरघर थांबली आणि टाळी वाजल्यासारखा आवाज आला तर लगेच वर बघा. नर पंख आपटत उडालेला असतो, आणि पंखांच्या टोकाजवळचे पांढरे ठिपके संधिप्रकाशातही दिसतात.

रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, घरटं बांधत नाही. वाट सोडून दहा पावलं आत गेलं तर मादी उठते आणि अंडी उघडी पडतात. मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणं हा प्रकारही नको. तो भांडायला येतो, आणि तेवढा वेळ खाणं आणि राखण दोन्ही सुटतं.

दुसरा दिवस : चर्च वूड, हीथ फ्रिटिलरीसाठी

चर्च वूड हा कालच्याच ब्लीन वूड्स राखीव क्षेत्राचा भाग. आज उशिरा निघायचं. पहाटे उठून जंगलात जायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. हीथ फ्रिटिलरी उन्हाशिवाय हलत नाही. सकाळी आठला ती गवतात पंख मिटून बसलेली असते आणि दोन फुटांवरूनही दिसत नाही. साडेदहा ते साडेतीन ही वेळ. ढग आले तर थांबायचं, पाऊस असेल तर दिवस बदलायचा. दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाची अदलाबदल करता येईल असं तिकीट काढलेलं बरं.

नावात हीथ, म्हणजे खुरटं माळरान, असलं तरी केंटमध्ये हे फुलपाखरू जंगलातलंच आहे. पंख पसरून चार-साडेचार सेंटिमीटर. नारिंगी-तपकिरी अंगावर काळसर जाळी. उडणं खालून, गुडघ्याच्या उंचीवरून: दोन-चार फडफडाटी, मग पंख सपाट ठेवून तरंगणं. त्याच रंगाचं पण बरंच मोठं आणि जोरात उडणारं दिसलं तर ते सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरी. पंखांच्या कडा फाटल्यासारख्या असतील तर कॉमा नावाचं फुलपाखरू. ब्लीनमध्ये तरी एवढ्यावर ओळख पटते.

जुने लाकूडतोडे या फुलपाखराला आपल्या मागे येणारं म्हणत. तोड जिकडे सरकेल तिकडे ते सरकतं. असं का, ते समजायला आधी एक वनस्पती शोधायची: कॉमन काऊ-व्हीट. वीतभर ते हातभर उंच, अरुंद समोरासमोर पानं आणि फिक्या पिवळ्या नळीसारख्या फुलांच्या जोड्या, दोन्ही फुलं एकाच बाजूला तोंड केलेली. ती अर्धपरजीवी आहे, मुळांनी शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढते. ज्वारीच्या मुळांवरचा टारफुला ज्या कुळातला, त्याच कुळातली ही. फरक एवढाच की आपण टारफुला उपटून टाकतो आणि इथे काऊ-व्हीट वाढावी म्हणून हेक्टरच्या हेक्टर झाडं कापतात.

केंटमध्ये हीथ फ्रिटिलरीच्या अळीचं खाणं हीच वनस्पती. मादी अंडी थेट तिच्यावर न घालता शेजारच्या एखाद्या पानाच्या खालच्या बाजूला, बहुतेकदा ब्लॅकबेरीच्या, एका जागी शंभराच्या आसपास घालते. अळ्या आधी जाळीत एकत्र खातात, मग पांगतात. शरद ऋतूत अर्धवट वाढलेल्या अळ्या गुंडाळलेल्या वाळक्या पानात शिरतात आणि हिवाळा तिथेच काढतात. मार्चमध्ये बाहेर येऊन वाळक्या पानांवर उन्हात बसतात, शरीर तापवतात, मग खायला जातात. हे ऊन जमिनीपर्यंत पोहोचलं नाही तर पुढचं काही घडतच नाही. म्हणून कूप मोकळा हवा.

आता हिशोब लावा. तोडीनंतर पहिल्या वर्षी काऊ-व्हीट तुरळक. दुसऱ्या ते चौथ्या वर्षी भरपूर, फुलपाखरंही तेव्हाच सगळ्यात जास्त. पण चेस्टनटचे फुटवे पहिल्याच वर्षात माणसाच्या उंचीला लागतात, आणि पाच-सहा वर्षांत छत मिटतं. ओक-हेझलच्या कूपात थोडा जास्त अवधी मिळतो. केंटमध्ये चेस्टनटचीच लागवड जास्त झाली, कारण बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेलांना त्याचे खांब लागत. एक वसाहत म्हणजे फार तर चार वर्षांची मुदत. ती संपायच्या आत शेजारी नवा कूप तयार पाहिजे, आणि शेजारी म्हणजे खरोखर शेजारी. हे फुलपाखरू लांब उडत नाही, काहीशे मीटर फार झाले. मधे दाट जंगलाचा पट्टा आला तर तो त्याच्यासाठी भिंतच.

काऊ-व्हीटची अडचणही तशीच आहे. ती वर्षायू, बी जड आणि मातीत वर्षानुवर्षं टिकत नाही. बियांना तेलकट गाठ असते, तिच्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, पण मुंगी नेऊन नेणार किती लांब? तीस-चाळीस वर्षं न कापलेलं काळोखं चेस्टनट तोडून ‘आता फुलपाखरू येईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांची निराशा होते ती इथे. ऊन आलं, पण बी नव्हतं. अशा वेळी आधी वाटांच्या कडा मोकळ्या करायच्या, काऊ-व्हीट कडेकडेने सरकू द्यायची, आणि मग आतला कूप कापायचा.

या वाटांना ‘राइड’ म्हणतात, आणि जंगल बघताना त्यांची रुंदी जरूर बघा. राइड कडेच्या झाडांच्या उंचीइतकी किंवा दीडपट रुंद असावी हा नियम. झाडं दहा मीटर आणि वाट चार मीटर असेल तर जमिनीला ऊन मिळतं ते भर दुपारी तासभर. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या राइडला सूर्य जास्त वेळ लाभतो. छोटा कूप फसतो तोही याच कारणाने: चारी बाजूंची सावली आत येते आणि मधे उन्हाचा फक्त एक ठिपका उरतो.

खुंटही वाकून बघा. काप जमिनीलगत आणि किंचित उतरता असतो, पाणी साचून खुंट कुजू नये म्हणून. तोड ऑक्टोबर ते मार्चमध्ये, झाड झोपेत असताना. उशीर झाला तर रस चढलेला असतो, फुटवे कमजोर येतात आणि पक्ष्यांची घरटी सुरू झालेली असतात. छाटलेल्या बारीक फांद्या कूपभर पसरून ठेवल्या तर त्यांच्याखाली काऊ-व्हीट गुदमरते; म्हणून त्या ओळीत रचतात किंवा एका कोपऱ्यात जाळतात. आणि ब्रॅकन. हा नेचा मोकळी जागा दिसली की छातीपर्यंत वाढतो आणि त्याच्या सडलेल्या पानांचा जाड थर मार्चच्या उन्हाला जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. कुठल्याही कूपात फुलपाखरू नसण्याचं कारण शोधायचं तर आधी वय, मग ब्रॅकन, मग शेजार, या क्रमाने शोधा.

मोजणी करून बघायची असेल तर ब्रिटनमध्ये १९७६ पासून चालू असलेल्या फुलपाखरू-निरीक्षण योजनेची पद्धत सोपी आहे. ठरलेल्या वाटेवरून एकसारख्या संथ चालीने जायचं. आपल्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्या काल्पनिक पेटीत दिसेल तेच मोजायचं. मागे गेलेलं, पेटीबाहेरचं, कितीही सुंदर असलं तरी सोडायचं. वेळ पावणेअकरा ते पावणेचार. तापमान तेरा अंशांच्या खाली नको. ढगाळ असेल तर सतराच्या वर हवं. नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे जास्त फुलपाखरं दिसली की थांबणं. थांबलं की तीच तीच पुन्हा मोजली जातात.

कायद्याने १९८१ पासून हे फुलपाखरू पकडणं, मारणं, विकणं बंद आहे. छायाचित्र काढता येतं, पण ते वाटेवरून. कूपात गुडघे टेकणाऱ्या प्रत्येक माणसाखाली काऊ-व्हीट आणि तिच्या आसपासची अंडी चिरडली जातात, आणि मोसमात चांगल्या कूपाच्या कडेला छायाचित्रकारांनी पाडलेल्या उपवाटा स्पष्ट दिसतात. वाटेच्या कडेलाच ब्लॅकबेरीच्या फुलावर ती येते. पंधरा मिनिटं एका जागी थांबलं की पुरतं.

तिसरा दिवस : क्लाऊज वूड, सायकलवरून

हलका दिवस. कँटरबरीहून व्हिट्स्टेबलला ‘क्रॅब अँड विंकल वे’ ही बारा किलोमीटरची सायकलवाट जाते. कँटरबरी-व्हिट्स्टेबल रेल्वे ३ मे १८३० ला सुरू झाली, बोरीबंदर-ठाणे गाडीच्या तेवीस वर्षं आधी, आणि ही वाट काही ठिकाणी तिच्याच मार्गावरून जाते. चढावर डबे दोराने ओढायला वाफेची स्थिर यंत्रं होती. क्लाऊज वूडमधलं ‘वाइंडिंग पाँड’ हे तळं अशाच एका यंत्राच्या पाण्यासाठीचं. आता तिथे बाकं आहेत आणि चतुर उडत असतात. डबा इथे खायचा.

इथे शोधायचा प्राणी दिसणार नाही, फक्त त्याचं खाणं दिसेल. हेझल डॉरमाउस: सोनेरी, झुपकेदार शेपटीचा, उन्हाळ्यात वजन वीस ग्रॅमच्या आत-बाहेर. रात्री फांद्यांवरून फिरतो, जमिनीवर शक्यतो उतरत नाही, आणि हिवाळा मात्र जमिनीवरच, पाचोळ्याखाली झोपून काढतो. त्याच्या घरट्याला किंवा पेटीला हात लावायला परवाना लागतो. पण हेझलच्या झुडपाखाली गेल्या शरदातली रिकामी कवचं गोळा करून बघायला हरकत नाही. भिंग असेल तर काढा. भोक गोल असेल आणि त्याची आतली कड घासून गुळगुळीत केलेली असेल, दातांच्या खुणा कडेला तिरप्या फिरवल्यासारख्या असतील, तर डॉरमाउस. आतल्या कडेवर उभ्या रेघा आणि बाहेर ओरखडे असतील तर वुड माउस. आत रेघा पण बाहेर ओरखडे नाहीत, तर बँक व्होल हा उंदरासारखा प्राणी. कवच सरळ दोन तुकडे झालेलं असेल तर खार. शंभर कवचं बघितली तर बहुतेक खारीची निघतात, त्यामुळे लगेच कंटाळायचं नाही.

डॉरमाउसला हवं ते फुलपाखराच्या नेमकं उलट: सात वर्षांपुढची झुडपं, फांदीला फांदी भिडलेली, हनीसकलचे वेल चढलेले, कारण घरटं तो त्या वेलाच्या सालीच्या पट्ट्यांनी विणतो. एका हिवाळ्यात फार मोठा पट्टा कापला तर जमिनीवर झोपलेले डॉरमाउस यंत्रांच्या चाकांखाली जातात, आणि जे उरतात त्यांना रस्ता ओलांडायला फांदी नसते. २००० सालापासून ब्रिटनमधली त्यांची संख्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली आहे. फुलपाखरासाठी रुंद केलेल्या राइडवर एखाद्या ठिकाणी दोन्ही कडांची झाडं मुद्दाम एकमेकांत मिसळू दिलेली दिसतात. तो डॉरमाउसचा पूल. कुणी हे निष्काळजीपणा समजून छाटून टाकू नये म्हणून नकाशावर खूण करून ठेवावी लागते.

उतारावरून व्हिट्स्टेबलला जाऊन संध्याकाळी त्याच वाटेने परत.

चौथा दिवस : वेस्ट ब्लीनचे बायसन, मग ईस्ट ब्लीन

कँटरबरी-हर्न बे रस्त्यावर वाइल्डवूड नावाचं प्राणीउद्यान आहे, बस जवळच थांबते. त्याच्या मागचं जंगल म्हणजे वेस्ट ब्लीन आणि थॉर्नडेन. केंट वाइल्डलाइफ ट्रस्ट आणि वाइल्डवूड ट्रस्ट यांनी १८ जुलै २०२२ रोजी इथे तीन युरोपियन बायसन माद्या सोडल्या: एक वयस्क, स्कॉटलंडहून, दोन तरुण, आयर्लंडहून. सप्टेंबरमध्ये एक पिल्लू झालं तेव्हा राखणदारांनाही ते अनपेक्षित होतं, कारण बायसनची गाभण मादी वरून ओळखू येत नाही. नर जर्मनीतून यायचा होता. ब्रेक्झिटनंतरच्या कागदपत्रांमुळे तो डिसेंबरपर्यंत अडकला.

मराठी वाचकाचा इथे एक गोंधळ होऊ शकतो. दाजीपूर-राधानगरीच्या गव्याला आपण सर्रास ‘बायसन’ म्हणतो, पण गवा हा गायीबैलांच्या गोतातला. युरोपियन बायसन वेगळा: पुढचे खांदे उंच, मागचा भाग उतरता, दाढी आणि लोकरीसारखे केस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रानातून पूर्ण संपला, शेवटचा १९२७ साली कॉकेशसमध्ये. आजचे सगळे प्राणीसंग्रहालयांत वाचलेल्या डझनभर पूर्वजांचे वंशज आहेत, त्यामुळे कुठली मादी कुठल्या नराला द्यायची याची वंशावळ काटेकोर ठेवतात. ‘हजारो वर्षांनी ब्रिटनमध्ये परतले’ ही प्रसिद्धीपत्रकाची भाषा थोडी सैल आहे. हिमयुगात इथे होता तो स्टेप बायसन. युरोपियन बायसन नेमका इथे होता का, यावर वाद आहे. प्रकल्पाचं समर्थन त्यावर अवलंबूनही नाही. प्रश्न आहे कुऱ्हाडीचं काम जनावर करू शकेल का, एवढाच.

कामाच्या खुणा कुंपणाबाहेरच्या वाटेवरूनही शोधता येतात. साल सोललेली खोडं: बायसन साल खातो, झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि वाळक्या लाकडात भुंगेरे, बुरशी, मग सुतार पक्षी येतात. अंग घासून गुळगुळीत झालेले बुंधे. धुळीत लोळून केलेले खळगे. त्या उघड्या मातीत एकांड्या मधमाश्या बीळ करतात, बी रुजतं. दाटीतून रेटत गेल्याने पडलेल्या वाटा, म्हणजे फुकटात मिळालेल्या राइड. सोबत एक्समूर तट्टं, लाँगहॉर्न गुरं आणि डुकरंही योजनेत आहेत, कारण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या उंचीवर चालतं. परिणाम खरंच बायसनचा की नुसत्या चराईचा हे कळावं म्हणून काही भाग फक्त गुरांसाठी आणि काही भाग चराईविना ठेवायची आखणी आहे. हा भाग प्रसिद्धीत कमी येतो, पण प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा तोच.

बायसन दिसतीलच असं नाही. ब्रिटनच्या १९७६ च्या कायद्यानुसार ते धोकादायक वन्य प्राणी, त्यामुळे भक्कम कुंपण सक्तीचं आणि माणसं-बायसन एकत्र फिरणं नाही. हॉलंडमधल्या क्रान्सव्लाकच्या वाळूच्या टेकड्यांत लोक बायसन असलेल्या भागात पायवाटेने जातात. इथे कायदा ते होऊ देत नाही. त्यातून खर्चिक अडचण निर्माण झाली. सार्वजनिक पायवाटा जंगलातून आरपार जातात, त्या बंद करता येत नाहीत, म्हणून बायसनना पलीकडच्या भागात जाता येत नव्हतं. उपाय म्हणून माणसं वरून आणि बायसन खालून असे पूल बांधायचं काम हाती घेतलं गेलं. बघायचंच असेल तर संस्थेची मार्गदर्शित फेरी आधी नोंदवा. नाहीतर सकाळी लवकर कुंपणालगतच्या वाटेवर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, न बोलता चाला. कुत्रा दोरीवर हवा. पिल्लू जवळ असलेली मादी कुंपणापलीकडूनही कुत्र्यावर धावून येऊ शकते.

ऊन वर आलं की अकराच्या सुमाराला ईस्ट ब्लीन गाठायचं. बस तिथपर्यंत नाही. हर्न गावातून पायी किंवा टॅक्सीने. हिक्स फॉर्स्टल रोडवर छोटा वाहनतळ आहे आणि जूनच्या रविवारी तो दहालाच भरतो, म्हणून आठवड्यातला दिवस निवडा. सव्वाशे हेक्टरांच्या आतलं हे राखीव क्षेत्र हीथ फ्रिटिलरीच्या जुन्या, खात्रीच्या जागांपैकी एक. दुसऱ्या दिवशी ढगांनी फसवलं असेल तर इथे भरपाई होते.

वाटेवरून चालत आधी फुलपाखरं असलेला कूप शोधा आणि खुंटावरच्या फुटव्यांवरून त्याचं वय ठरवा: फुटव्यांच्या मधे ऊन आणि काऊ-व्हीट पिवळी दिसत असेल तर दोन-तीन वर्षं, छत मिटत आलं आणि खाली पिवळं काही नसेल तर मुदत संपत आली. मग तिथून गेल्या हिवाळ्यात कापलेल्या कूपापर्यंत राइडने पावलं मोजत जा. मधे कुठे सावलीचा पट्टा आडवा येतो का ते बघा. तीनशे पावलांच्या आत, उन्हातून उन्हात पोहोचलात, तर दोन वर्षांनी जूनमध्ये या दुसऱ्या कूपाच्या कडेला उभं राहायचं.